जुना स्कॅनर आणि पुष्पिकेतलं नाव

"दिवा तर लागतोय," गुरुजी म्हणाले. "मग बिघडलंय काय?"

दिवा खरंच लागत होता. स्कॅनरमधला छोटा पंखाही फिरत होता. पण नवा कॉम्प्युटर ठामपणे सांगत होता की वायरच्या दुसऱ्या टोकाला काय लावलंय ते मला माहीत नाही. स्क्रीनवर 'अननोन डिव्हाइस' आणि शेजारी पिवळं उद्गारचिन्ह. मी टेबलाखाली बसून वायर काढून दुसऱ्या पोर्टला लावत होते.

"याचा ड्रायव्हर नाहीये, गुरुजी. शोधावा लागेल."

"असं होय." गुरुजी म्हणाले. "प्रसाद आलाय ना घरी? त्याला विचारून बघ की."

मी उठले ती डोकं टेबलावर आपटूनच.

प्रसाद म्हणजे माझा धाकटा दीर. बंगळूरला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर काशीला आला होता आणि घरूनच काम करत होता. मी मेधा. काशीतच सिगऱ्याला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गल्लीतला जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटर मी कधी ना कधी उघडला आहे. गुरुजींच्या वेदपाठशाळेचा तर कितीदा. तरी प्रसाद घरी आला की माझं दुकान जणू बंद होतं. सासूबाईंचा मोबाइल अडकला, प्रसादला दाखवा. शेजारच्यांचा प्रिंटर कागद ओढत नाही, प्रसाद आहे का? आणि प्रसाद सज्जनपणे जातो, सज्जनपणे दुरुस्त करतो आणि चहा पिऊन येतो. त्याचा काही दोष नाही. त्यामुळेच जास्त राग येतो.

आधी या ड्रायव्हरचं सांगते. कॉम्प्युटरला लावलेलं प्रत्येक यंत्र आपल्याच भाषेत बोलतं. ती भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. आमच्या घरी आजेसासूबाई फक्त मराठी बोलायच्या आणि भांडी घासणारी बलियाची बाई फक्त भोजपुरी. मधे सासूबाई उभ्या राहिल्या की काम व्हायचं, त्या देवळात गेल्या की दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. तसंच हे. स्कॅनर जुना, त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी लिहिलेला. पाठशाळेचा जुना कॉम्प्युटर मदरबोर्ड जळून गेला, एका देणगीदाराने नवा दिला, त्यावर विंडोज अकरा. जुना ड्रायव्हर बत्तीस बिटचा, नवी विंडोज चौसष्ट बिटची. ती जुन्या ड्रायव्हरला दारातही उभं करत नाही. स्कॅनर बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. म्हणजे नवा ड्रायव्हर कुणी लिहिणार नव्हतं.

मग नवा स्कॅनरच का नाही घ्यायचा? हा प्रश्न मीही विचारला होता. काचेवर कागद ठेवायचा साधा स्कॅनर माझ्या दुकानात पडून होता, तो द्यायला मी तयार होते. गुरुजींनी हात जोडले.

"त्यात पान पालथं घालावं लागतं, मेधा. पोथी पालथी घालायची नाही."

हा त्यांचा नियम आहे आणि तो मोडायचा प्रश्नच नव्हता. जुना स्कॅनर टेबललॅम्पसारखा, वरून खाली बघणारा. पोथीचं पान उताणं ठेवायचं, वरून फोटो निघतो. मोबाइलनेही काढून पाहिले होते. पण या पोथ्यांत अक्षरांच्या वर-खाली स्वरांच्या बारीक लाल रेघा असतात. म्हणताना आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा हे त्यावरून कळतं. मोबाइलच्या फोटोत हाताची सावली पडायची आणि कडेच्या रेघा पुसट यायच्या. रेघ नाही तर गुरुजींच्या लेखी ते पानच नाही.

आणि पोथ्या पाठशाळेच्या नव्हत्या. गंगेपलीकडच्या रामनगरच्या एका घराण्याच्या होत्या. ते लोक घर विकून मुलाकडे लखनौला निघाले होते. माघी पौर्णिमेला पोथ्यांची पेटी त्यांच्याबरोबर जाणार होती. गुरुजींच्या गुरूंनी याच पोथ्यांवरून त्यांना शिकवलं होतं. "एकदा पूल ओलांडून गेल्या की मला काही परत दिसत नाहीत," ते म्हणाले. आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, ज्यामुळे ही सगळी हकिकत लिहावी लागते आहे.

"जो हे यंत्र चालू करून देईल, त्याचं नाव मी पुष्पिकेत घालीन."

पुष्पिका म्हणजे पोथीच्या शेवटच्या पानावरच्या ओळी. ही प्रत कुणी, कुठे, केव्हा केली हे तिथे लिहिलेलं असतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा रामभटाचं नाव आपल्याला आज माहीत असतं ते त्या ओळींमुळे. स्कॅन केलेल्या प्रतीलाही गुरुजी एक नवी पुष्पिका जोडणार होते. माझं नाव आमच्या घराच्या दारावरच्या पाटीवरही नाही. मला त्या पानावर नाव हवं होतं. इतकं हवं होतं की घरी जाऊन मी प्रसादला काही सांगितलंच नाही.

पण सासूबाईंना गुरुजींनी देवळात सांगितलं. संध्याकाळी प्रसाद लॅपटॉप घेऊन पाठशाळेत हजर.

त्याने खुर्चीत बसून सगळं बघितलं. टेबलाखाली गेला नाही.

"वहिनी, ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. व्हर्च्युअल मशीन टाकू."

कल्पना चांगली होती, हे मला कबूल करावं लागतं. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर चालवायचा. त्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये जुनी विंडोज, जुन्या विंडोजमध्ये जुना ड्रायव्हर, आणि स्कॅनरची वायर त्यालाच नेऊन जोडायची. मलाही हे सुचलं होतं. पण मी म्हणाले होते, आधी खरा ड्रायव्हर मिळतो का बघू. त्याने विचार केला नाही, केलं.

रात्रीच्या जेवणाआधी पहिलं पान स्क्रीनवर आलं. प्रत्येक लाल रेघ स्वच्छ. गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी प्रसादच्या पाठीवर हात ठेवला.

"नाव तुझंच, प्रसाद."

प्रसाद माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनीनेच तर केबल वगैरे सगळं तपासून ठेवलं होतं."

केबल वगैरे! त्या रात्री माझ्या नवऱ्याने दोनदा विचारलं की वरण इतकं खारट कसं झालं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात होते. गिऱ्हाईक म्हणत होतं, "भाभीजी, हार्ड डिस्क तो बचेगी न?" आणि मी मनात पुष्पिका लिहीत होते. तेवढ्यात मोरेश्वरचा फोन आला. मोरेश्वर म्हणजे पाठशाळेतला तरुण अध्यापक. स्कॅनिंग तोच करत होता.

"वहिनी, हा फिर गायब झाला. आत्ताच तर होता."

"कोण?"

"स्कॅनर. दहा-बारा पानं झाली, नंतर बिलकुल दिसतच नाही. प्रसाददादांना फोन केला, ते मीटिंगमध्ये आहेत."

मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. दुकानाला कुलूप लावून मी गेले.

मोरेश्वर काम कसं करतो ते मी शांतपणे बघितलं. तो दोन्ही हातांनी पान उचलतो, कपाळाला लावतो, स्कॅनरखाली ठेवतो. मग पानावरचा मंत्र जिथे तुटतो तिथून पुढचा शब्द कुठला ते मनात म्हणून घेतो, म्हणजे पानांचा क्रम चुकत नाही. मग बटण दाबतो. मग पुन्हा दोन्ही हात. कुठल्याही ऑफिसमध्ये एवढ्या वेळात ढीगभर कागद स्कॅन झाले असते. इथे मधल्या वेळात स्कॅनर झोपी जात होता आणि झोपला की तो पोटातला खोटा कॉम्प्युटर त्याला हरवून बसत होता. मग सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं. मोरेश्वरला दोन कॉम्प्युटरपैकी कुठला खरा हेच कळत नव्हतं. एकदा त्याने खरा बंद केला.

संध्याकाळी प्रसादने येऊन सगळं पुन्हा चालू करून दिलं. मग हिशेब केला. "पौर्णिमेला अजून आठ-नऊ दिवस आहेत. रोज थोडं थोडं केलं तरी होईल आरामात."

गुरुजींनी मान हलवली. "कसले आठ-नऊ? उद्या अष्टमी. अनध्याय. चतुर्दशीला अनध्याय, पौर्णिमेला अनध्याय. पोथी त्या दिवशी उघडायची नाही."

अनध्याय म्हणजे वेदाचा अभ्यास न करण्याचे दिवस. याच गल्लीत वाढलेला प्रसाद ते विसरला होता. म्हणजे काम त्रयोदशीपर्यंत संपवायला हवं होतं, आणि ज्या गतीने स्कॅनर झोपत होता त्या गतीने निम्म्या पोथ्या तशाच लखनौला गेल्या असत्या. गुरुजी एकदम म्हातारे दिसायला लागले.

मी म्हणाले, "गुरुजी, उद्या पोथी उघडायची नाही, पण कॉम्प्युटर उघडायला हरकत नाही ना?"

"त्याला कसला अनध्याय?"

अष्टमीला सकाळी धुकं इतकं होतं की घाटाच्या पायऱ्यांपुढे गंगा आहे की नाही ते कळत नव्हतं. पाठशाळा रिकामी, पोथ्या लाल फडक्यांत बांधून पेटीत. मी खुर्ची ओढली आणि सुरुवातीपासून सुरुवात केली.

पहिली गोष्ट, हे यंत्र नक्की कोणतं? पुढे कंपनीचं नाव होतं, पण खालच्या लेबलवर दर खंडेनवमीला हळदकुंकू वाहून वाहून मॉडेल नंबर पार गेलेला. आतापर्यंत मी पुढच्या नावावरूनच ड्रायव्हर शोधत होते. पण यूएसबीला लावलेलं कुठलंही यंत्र आधी आपले दोन नंबर सांगतं, एक बनवणाऱ्याचा, एक मॉडेलचा. याला हार्डवेअर आयडी म्हणतात. मी तो काढला आणि नेटवर शोधला. बनवणाऱ्याचा नंबर वेगळ्याच कंपनीचा निघाला. आमच्या बंद पडलेल्या कंपनीने स्कॅनर बनवलाच नव्हता. दुसऱ्यांकडून तयार घेऊन त्यावर फक्त आपलं नाव चिकटवलं होतं. खरी बनवणारी कंपनी अजून जिवंत होती आणि तिच्या पुढच्या एका मॉडेलला चौसष्ट बिटचा ड्रायव्हर होता.

मी तो उतरवला. विंडोज म्हणाली, हा या यंत्राचा नाही.

ड्रायव्हरबरोबर एक साधी मजकुराची फाइल येते. कुठल्या कुठल्या यंत्रांसाठी हा ड्रायव्हर आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्यात मी आमच्या स्कॅनरचा नंबर घातला. आता विंडोज म्हणाली, या फाइलमध्ये कुणीतरी हात घातलाय, सही जुळत नाही, मी घेणार नाही. बरोबरच आहे तिचं. चोरही हेच करतात. म्हणून मी आधी कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडलं, मग एकदाच तो सहीचा पहारा उठवून कॉम्प्युटर सुरू केला, लाल इशारा आला त्याला हो म्हटलं, ड्रायव्हर बसवला आणि पहारा पुन्हा लावला. हे घरी करू नका. करायचंच असेल तर सिगऱ्याला या.

पिवळं उद्गारचिन्ह गेलं. त्या जागी स्कॅनरचं नाव आलं. मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

शेवटी एक टिक काढली. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबीवरची यंत्रं झोपवते, ती टिक. तेव्हा लक्षात आलं की एवढंच केलं असतं तर प्रसादचा उपायही कदाचित नीट चालला असता. पण माझा ड्रायव्हर आता बसला होता. त्यामुळे ते कुणाला सांगायची गरज उरली नव्हती.

प्रसाद मीटिंग संपवून आला. मी खिशातल्या लग्नपत्रिकेचा स्कॅन करून दाखवला. मग घड्याळ बघत थांबून पुन्हा केला. स्कॅनर जागाच.

"वहिनी! आयडीवरून काढलात? आणि फाइल बदललीत? कमाल आहे! मला हे सुचलंच नसतं."

त्याला मनापासून आनंद झाला होता. तोंडावर कुठे ओरखडाही नाही. मी इतके दिवस जळत होते आणि या माणसाला साधी धगसुद्धा लागली नव्हती. याहून मोठा अपमान मला तरी माहीत नाही.

गुरुजी आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी लग्नपत्रिका बघितली.

"छान. पण हे तर प्रसादने परवाच चालू केलं होतं ना?"

"गुरुजी, ते वेगळं होतं. हे वहिनीने—" प्रसाद समजावायला लागला. खोटा कॉम्प्युटर, खरा ड्रायव्हर, आयडी. गुरुजी मान हलवत ऐकत होते. माझ्या लक्षात आलं की त्यांना फक्त चित्र दिसतंय. परवाही चित्र दिसत होतं, आजही दिसत होतं. मधे कोण उभं आहे ते त्यांना कसं दिसणार?

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "एकाच घरातले तुम्ही. नाव कुणाचंही लागलं तरी घराचंच."

मी हसले. ते हसू कसं होतं ते मोरेश्वरने नंतर सासूबाईंना सांगितलं म्हणे.

नवमीपासून काम सुरळीत चाललं. मोरेश्वर सकाळच्या संध्येनंतर बसायचा तो दिवेलागणीपर्यंत. दोन्ही हात, कपाळ, मनात मंत्र, बटण. स्कॅनर एकदाही झोपला नाही. मी दुकानात जाताना आणि येताना डोकावून जायचे. प्रसादही यायचा. तो आला की मी जरा जास्त वेळ थांबायचे. दोघंही कारण नसताना मोरेश्वरच्या मागे उभे असायचो. एकदा प्रसाद म्हणाला, "वहिनी, तुम्ही जा ना, दुकान आहे तुमचं." मी म्हटलं, "भाऊजी, तुमचीही मीटिंग असेल की."

म्हणजे त्यालाही ते नाव हवं होतं. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि बरं वाटलं.

त्रयोदशीला दुपारी शेवटचं पान झालं. गुरुजींनी पोथीच्याच मापाचा एक कागद घेतला आणि काळ्या शाईने नवी पुष्पिका लिहिली. आम्हाला दाखवली नाही. दोन्ही हातांनी उचलून मोरेश्वरच्या हातात दिली. मोरेश्वरने ती कपाळाला लावून स्कॅनरखाली ठेवली, बटण दाबलं आणि त्याच्या खांद्यावरून वाकून मी आणि प्रसाद स्क्रीन वाचायला लागलो. काशी, मास, तिथी, गुरूंचं नाव, रामनगरच्या घराण्याचं नाव. आणि शेवटी, काश्यां मोरेश्वरेण लिखितम्.

मोरेश्वर स्वतःच चपापला. "गुरुजी, मी कहाँ लिहिलं? हे तर प्रसाददादा आणि वहिनी..."

"मी रात्री जुन्या सगळ्या पुष्पिका पुन्हा वाचल्या," गुरुजी शांतपणे म्हणाले. "एकातही लेखणी कुणी करून दिली ते लिहिलेलं नाही. शाई कुणी घोटली तेही नाही. ज्याच्या हाताने पान न पान गेलं, त्याचं नाव असतं. मी त्या दिवशी भरात भलतंच बोलून गेलो. प्रसाद, मेधा, तुम्हा दोघांना आशीर्वाद."

आम्ही वाकून नमस्कार केला. आशीर्वाद घेतला. चपला घातल्या आणि बाहेर पडलो. गल्लीत एक गाय आडवी बसली होती, तिच्या बाजूने एकामागे एक निघालो.

मग मागून प्रसाद म्हणाला, "वहिनी, त्याने केलं काय? बटण दाबलं."

"तेही हळूहळू," मी म्हटलं.

"त्याला दोन विंडोंमधला फरक कळत नव्हता."

"खरा कॉम्प्युटर बंद केला होता त्याने, भाऊजी. तुम्ही मीटिंगमध्ये होतात."

"काय सांगता!"

घरापर्यंत आम्ही मोरेश्वरची एकही चूक सोडली नाही. दारात सासूबाईंनी विचारलं, "लागलं का रे नाव?" आम्ही दोघंही त्यांच्या अंगावरून आत गेलो. मी चहा टाकला, प्रसादने कप काढले. तिथेच ओट्याशी उभं राहून मी त्याला ती वीज वाचवायची टिकही सांगून टाकली. तो कपाळावर हात मारून हसला.

पोथ्या ठरल्याप्रमाणे पूल ओलांडून गेल्या. त्यांची प्रत पाठशाळेत आहे आणि स्कॅनर अजून चालतो. मोरेश्वर चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, फक्त तो समोर आला की मला दुकानात काम आठवतं. प्रसादचा मात्र हल्ली दर रविवारी बंगळूरहून फोन येतो आणि तो आधी माझ्याशी बोलतो, मग आईशी. माझ्या धंद्यातला धडा एवढाच की ड्रायव्हर नीट चालत असेल तर तो आहे हे कुणालाच कळत नाही. आणि दुसरा धडा, जो धंद्यातला नाही, तो असा की घरातल्या दोन माणसांचं पटत नसेल तर त्यांना जळायला बाहेरचा तिसरा माणूस मिळवून द्यावा.